भोपळ्याचे कान

"तुमच्या मिसेस गेल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हातातल्या कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, "नक्की कधी सुरू झालं हे?"

"सुरू कसलं? उभी होती, धाडकन पडली," तो म्हणाला.

बाईंनी तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी मुलगी आली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ती नर्स होती. तिने बापाच्या हातात आधी पाण्याचा पेला दिला आणि मग तेच विचारलं. त्याने तेच सांगितलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मेंदूत गुठळी गेली की असं होतं, बाबा. वेळच मिळाला नाही, तर तुम्ही तरी काय करणार? जिवाला लावून घेऊ नका."

त्या एका बोलण्यावर त्याने दीड महिना काढला. मुलगी रोज फोन करायची. जेवलात का, गोळी घेतलीत का, फिरून आलात का. पूर्वी ती त्याच्याशी फोनवर दोनच शब्द बोलायची, "आईला द्या." आता त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलायची. त्याला हे आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय याची लाजही वाटायची.

तेवढ्यात भोपळ्याचे कान खराब झाले. भोपळ्या म्हणजे घरचा कुत्रा. अंगाने थुलथुलीत, कान गालांवर लोंबणारे. असल्या कानांना वारा लागत नाही, आत ओल धरते, म्हणून दर रविवारी साफ करावे लागतात. काम दोन माणसांचं. एकाने धरायचं, एकाने करायचं. त्या दिवसापासून त्याने कानाच्या औषधाची बाटली उघडली नव्हती.

मुलगी चार दिवसांची रजा काढून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"शी! घरात काय मेलंय, बाबा?" बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. मग वाकून भोपळ्याचा कान उचलला. "हा होय! कान आहे का गटार? आणा ती बाटली."

"राहू दे. उद्या नेतो त्याला दवाखान्यात."

"घरी करत होतात ना तुम्ही? आई धरायची तसं मी धरते. आणा."

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. भोपळ्याला गुडघ्यांत घेतलं. डावा हात जबड्याखाली, उजवा मानेवर. त्याने गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून औषध कोमट केलं. कानाची पाळी वर केली, औषध ओतलं आणि कानाचं मूळ चोळायला लागला. आतून पचपच आवाज आला. भोपळ्याने डोकं झाडलं तसा काळा मळ मुलीच्या गालावर उडाला.

"मेल्या, मला नटवायला कुणी सांगितलं तुला?" ती हसली. त्यालाही हसू आलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

तीस वर्षं त्याने कारखान्यात फिटरचं काम केलं होतं. हात कामाला लागले की आजूबाजूचं काही दिसायचं नाही. समोरच्याने फक्त धरायचं आणि सांगितल्यावर सोडायचं. बोटाला कापूस गुंडाळून त्याने एक कान पुसला. तो आतून गुलाबी दिसायला लागला. मग त्याने दुसरा घेतला.

मुलीच्या हनुवटीला खाज सुटली. तिने डावा हात काढला. कुत्र्याचं डोकं हललं.

"पुन्हा डावा हात सोडलास!" तो खेकसला. मान वर केली नाही. "जीव नाही का हातात? किती वेळा सांगायचं?"

"पुन्हा काय, बाबा? मी तर पहिल्यांदाच..."

ती थांबली.

त्याचं बोट भोपळ्याच्या कानात तसंच राहिलं.

"आईचा डावा हात सुटत होता," ती हळू म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "ती उभी नव्हती. इथे बसली होती. भोपळ्याला धरून."

त्याने कापूस बाहेर काढला.

"किती वेळ, बाबा?"

"दुसरा कान होईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"वीस मिनिटं. पंचवीस असतील."

"हॉस्पिटल आठ मिनिटांवर आहे." तिचा आवाज चढला नाही. "आमच्याकडे लोक अनवाणी धावत येतात, बाबा. नुसता हात लुळा पडला म्हणून. वेळेत आलेली कितीतरी माणसं चालत घरी जातात. मी पाठवते त्यांना."

"मला वाटलं, कंटाळा करतेय."

मुलीने डावा हात पुन्हा भोपळ्याच्या जबड्याखाली घातला. घट्ट.

"करा पूर्ण."

"राहू दे ना आता."

"तेव्हा केलात ना? मग करा."

त्याने केला. भोपळ्या एकदा कळवळला, पण तिने पकड सैल केली नाही. शेवटचा कापूस स्वच्छ निघाला तेव्हा ती उठली. साबणाने दोनदा हात धुतले. गाल धुतला. न उघडलेली बॅग खांद्याला लावली.

दारात चपला घालताना तिने मागे न बघता विचारलं, "त्या वेळात ती काही बोलली का?"

"नाही," तो म्हणाला.

जिना उतरण्याचा आवाज आला आणि विरत गेला. त्यानंतर फोन आला नाही.

बायको बोलली होती. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले होते. "अहो, जरा माझ्याकडे बघा ना."

तो म्हणाला होता, "आधी कान."

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मुलीला हे सांगायचं अजून राहिलं आहे.