घरचा पंच

पोलीस ठाण्यासमोरचा किल्लीवाला म्हणजे साहेबांचा घरचा पंच. धाड कुठेही पडो, "समक्ष पाहिले" म्हणून सही त्याचीच. त्याने सह्या ठोकून दिलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठाच ठाण्याच्या खणात पडलेला असे. एक दिवस त्याचं मन त्याला खायला लागलं. "साहेब, आता कोर्टात खरं सांगणार," म्हणाला. साहेबांच्या हुकमावरून दोन हवालदारांनी भर दुपारी त्याला दुकानातून उचललं, संपवलं आणि कालव्यात फेकलं.

"गेला असेल कुणाचा तरी हात धरून, वहिनी," साहेबांनी चहा फुंकत त्याच्या बायकोला सांगितलं. आठवड्याने प्रेत वर आलं, तेव्हा हवालदाराला म्हणाले, "बेवारस दाखव आणि नेहमीसारखं उरकून टाक." हवालदार भलता आज्ञाधारक. त्याने अगदी नेहमीसारखंच उरकलं.

पुढे त्या प्रेताच्या कमरेला सापडलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून बायकोने नवरा ओळखला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथेही साहेबांनी छाती फुगवली, "पंचनामा रीतसर झालाय, पंचासमक्ष!"



न्यायाधीशांनी कागद उलटला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारलं, "म्हणजे किल्लीवाल्याने स्वतःचं प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खाली सही केली?"