सत्तावीस-शून्य

कडोलीच्या ज्या विहिरीत उपासना पोहायला शिकली, तिथल्या पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पेंटर भरमूअण्णांनी मोठ्या अक्षरात रंगवलं, ‘गावची शान उपासना, भारतीय वॉटर पोलो संघाची गोलरक्षक’. “आता निकाल लिवा, अण्णा,” ती म्हणाली. “एकाच देशाशी तीनदा हरलाय तुमी. लोक हसतील, पोरी.” “हसू देत. सत्तावीस-शून्य, चोवीस-एक, एकोणीस-चार.” “सत्तावीस?” अण्णांचा ब्रश थांबला. “ते गोल मीच खाल्ल्यात. लपवू कशाला?” नाइलाजानं त्यांनी तिन्ही निकाल एकाखाली एक रंगवले. विहिरीतून वर आलेल्या ओल्या पोरी मोठ्यानं वाचू लागल्या. एक जण ओरडली, “आक्का, आठ गोल कमी झाल्यात की!” अण्णा ब्रश धुवायला वाकले. उपासनानं त्यांचा हात धरला. “वरचं माझं नाव पुसा, अण्णा. ते सत्तावीसच्या म्होरं लिवा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. रस्त्यावरनं वाचाय आलं पायजे.”