साल्मीचं मचाण

ऑर्विल साल्मी लघवीला म्हणून मचाणावरून उतरला. परत आला तेव्हा मचाणावर दुसराच माणूस बसला होता.

लघवी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शंभर पावलं लांब जाऊन करायची, म्हणजे हरणाला वास लागत नाही. ऑर्विलच्या गुडघ्यांना ही दोनशे पावलं वीस मिनिटांची होती. तेवढ्यात जंगलाने मालक बदलला होता.

त्याला ओरडायचं होतं, पण ओरडणं परवडणारं नव्हतं. शिकारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. बंदूक चालवण्याइतका उजेड अर्धा तास टिकणार, आणि याच सुमाराला पाणथळीच्या कडेने तो अकरा टोकांच्या शिंगांचा नर जायचा. ऑर्विल तीन वर्षं त्याच्या मागावर होता. चौथं वर्ष मिळणार नव्हतं. जानेवारीत दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि डॉक्टरने शिडी कायमची बंद केली होती. म्हणून तो कुजबुजला, जमेल तेवढ्या जोरात.

"उतर खाली!"

वरच्या माणसाने तोंडावर बोट ठेवलं. "शूऽऽ. हरीण येईल."

"ते माझं मचाण आहे! पाटी वाच!"

माणसाने वाकून पाटी वाचली. सावकाश, पत्त्यासकट. "'ओ. साल्मी, ४१२, जुना खाण रस्ता.' वा! नाव, पत्ता, सगळं नियमाप्रमाणे." मग त्याचा चेहरा उजळला. "अहो, साल्मी सर! ओळखलंत का? मी बेंट्झ. दातांचा डॉक्टर. गेल्या वर्षी तुमच्या वर्गात होतो की!"

ऑर्विलने ओळखलं. दर शरदात चर्चच्या तळघरात तो नव्या शिकाऱ्यांना नियम शिकवायचा. गेल्या वर्षी पहिल्या बाकावर अकरा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये हा साठीचा बाप्या बसायचा आणि सगळं लिहून घ्यायचा, विनोदसुद्धा. निवृत्त होऊन मोठ्या पुलापलीकडून, नकाशात पुलाच्या खाली असलेल्या शहरांतून आलेला. त्या लोकांना ऑर्विलच्या गावात 'पुलाखालची भुतं' म्हणत. ऑर्विल म्हणत नसे. आज त्याला गावाचं म्हणणं पटलं.

"सरकारी जंगलात मचाणाला पाटी लावली म्हणून जागा नावावर होत नाही," बेंट्झ भक्तिभावाने म्हणाला. "रिकामं दिसलं तर आधी चढेल तो बसेल. तुमचंच वाक्य, सर. मी खाली रेघ मारून ठेवलीय."

"अरे, मी मुतायला गेलो होतो!"

बेंट्झने विचार केला. "त्याबद्दल वर्गात काही झालं नव्हतं."

ऑर्विलने डोळे मिटले आणि उघडले. बेंट्झ तसाच होता. "तुला ही जागा सापडली कशी?"

"तुम्ही झाडांना बांधलेल्या फितींवरून. काय वाट आखलीय, सर! दर वीस पावलांना एक, सुती, एकही खिळा नाही." त्याने खिशातून कोबीच्या गड्ड्याएवढा नारिंगी गोळा काढून दाखवला. "येताना सोडवत आलो सगळ्या. मोसम संपला की खुणा आपल्या आपण काढाव्यात. म्हटलं, सरांचे गुडघे दुखत असतील."

ऑर्विलने मागे वळून पाहिलं. देवदाराची चारेकशे झाडं, सगळी सख्खे भाऊ असल्यासारखी. "आणि अंधारात मी घरी कसं जायचं?"

"जाऊ की दोघं मिळून."

"तुला वाट माहितीये?"

"फिती होत्या तोवर माहीत होती."

ऑर्विलच्या पायाखाली काहीतरी हललं. दोर होता. वरून बेंट्झ ओढत होता आणि खालच्या टोकाला त्याची बंदूक बांधलेली होती. आधी आपण चढायचं, मग रिकामी बंदूक दोराने वर घ्यायची. हेही वर्गातलंच. दोरावर ऑर्विलचा बूट होता. तो त्याने मुद्दाम ठेवला नव्हता. पण काढलाही नाही.

तेवढ्यात काटकी मोडली.

नर चाळीस पावलांवर उभा होता. ऑर्विलने त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. उजव्या शिंगाला एक टोक जास्तच होतं. बारा.

ऑर्विलच्या खांद्यावरची बंदूकही रिकामी होती. शिडी चढण्याआधी काडतुसं काढायची, हे तो चोवीस वर्षं शिकवत आला होता. काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात होती, तीन बटणं आणि एक चेन यांच्या पलीकडे. हात हलवला असता तर नर गेला असता.

"सर," वरून श्वासाइतका आवाज आला. "पाय."

ऑर्विल खांबासारखा उभा.

"सर, फक्त पाय. मी हळूच ओढतो. माझी काडतुसं हातातच आहेत."

नराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिथेच, वाऱ्याची कसलीही चौकशी न करता, निवांत धार सोडली. त्याची जागा कोणी घेतली नाही.

"सर, पाया पडतो. पाय."

ऑर्विलच्या डोळ्यांतून पाणी आलं. थंडीही होतीच. बूट मात्र जागचा हलला नाही. उलट गुडघा कळवळला तरी त्याने अंगाचा सगळा भार त्याच पायावर दिला.

नर वळला. घाई न करता, एकेक पाय बर्फातून उचलत, देवदारांत शिरला. एक फांदी हलली, मग तीही थांबली. हळूहळू झाडांची खोडं दिसेनाशी झाली. बेंट्झने घड्याळ पाहिलं आणि मोसम संपल्याचं हळूच सांगितलं.

"सर," शेवटी बेंट्झ म्हणाला, "पाय अडकला होता का?"

ऑर्विलने दोरावरचा बूट उचलला.

"हं," तो म्हणाला, आता चांगलं मोठ्याने. "ओढ."