अनीसच्या टॅबला कुलूप

“मी नाही बघितलं, बाबा! अल्लाची शपथ!” अनीस म्हणाला, आणि बापाने, मुंजीने, त्याच्या थोबाडीत दिली.

अकरा वर्षांचं पोर! मुंजीचं डोकंच सणकलं होतं. त्याचा आणि त्याच्या बायकोचा, जकियाचा, फोन साधा, बटणांचा. व्हिडिओ बघायचे तर घरात अनीसचा टॅब तेवढा. आज सहज ‘पाहिलेले व्हिडिओ’ उघडले, तर गणिताच्या धड्यांमध्ये लागोपाठ तीन दुपारी एकच चित्र. कमरेपर्यंत उघडी बाई! मुंजीने झटकन नजर वळवली. खालचं नाव वाचायलाही तो थांबला नाही.

“अहो, पोराला मारू नका,” जकिया स्वयंपाकघरातून म्हणाली. ती बाहेर आली नाही.

“मग काय मांडीवर घेऊन बकलावा भरवू त्याला?”

दुसऱ्या दिवशी तो टॅब घेऊन शादलीकडे गेला. शादली बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा. सफाक्स शहरातल्या निम्म्या आईबापांची गाऱ्हाणी त्याला पाठ होती. त्यानेही चित्र पाहिलं, “तौबा, तौबा” म्हणत तोंड फिरवलं आणि अंगठ्याने चाचपडत पुसून टाकलं.

“शोधायची सोयच बंद करतो. तू मंजूर करशील तेवढंच दिसेल. कार्टून, गणित, कुराणपठण.”

“आणि त्याने आणखी काही मागितलं तर?”

“तर शेजारी बस आणि काय मागतोय ते बघ. कुलूप अर्धंच काम करतं, मुंजी. उरलेलं बापाने करायचं असतं.”

“ते मला नको शिकवूस.”

घरी जकियाने हलकेच विचारलं, “सगळंच बंद केलंत?”

“सगळंच.”

“अहो, शिकण्यासारखंही असतं त्यात काही.”

“तुझ्या लाडानेच शेफारलाय तो!”

ती काहीतरी बोलणार होती. पण अनीस दारात उभा होता. ती कणीक मळायला वळली.

हिवाळा गेला. ऑलिव्हच्या घाण्यावरचं काम संपवून मुंजी घरी यायचा, तर पोर त्याला बघून उठून जायचं. हो, नाही, एवढंच बोलायचं. एकुलतं एक लेकरू, मुंजीच्या जिवाला फार लागायचं ते. थप्पड जरा जोरातच बसली, हे त्याला कळत होतं. पण बापाने पोराची माफी मागायची तरी कशी? शेवटी त्याने मनाशी ठरवलं, उन्हाळ्यात कुलूप काढायचं, पोराला समुद्रावर न्यायचं आणि काय ते बोलून टाकायचं.

उन्हाळ्याआधीच जकियाला दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवले. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. आपल्याकडे ते कोणी घेत नाही.

“फार पसरलंय. छातीतली गाठ एवढी मोठी होईपर्यंत कळलं कसं नाही, बाई? घरच्या घरी तपासता येतं की! कुणी शिकवलं नाही?”

मुंजी बायकोकडे बघत राहिला. ती खाली मान घालून बसली होती.

“शिकत होते, डॉक्टर. दुपारी सगळे झोपले की पोराच्या टॅबवर थोडं थोडं बघायचे,” जकिया म्हणाली. “मग माझ्या वाटचा मार त्याने खाल्ला, आणि मी लाजेपायी गप्प बसले.”