झंझावाती

“झंझावातीच राहू दे,” रंगनाथ सर म्हणाले आणि त्यांनी मसुदा तेजस्विनीकडे परत सरकवला.

तिने तो पुन्हा वाचला. ‘डोंगरपट्ट्यात दुपारनंतर झंझावाती वारे वाहण्याची शक्यता. नागरिकांनी दक्षता घ्यावी.’ पंचवटीतल्या ‘ऋतुवार्ता’ नावाच्या छोट्या संस्थेत ती कामाला होती. हवामानाचे आकडे आले की त्यांचं मराठी करायचं आणि एकतीस गावांच्या मोबाईलवर पाठवायचं, एवढंच तिचं काम. कोणत्या आकड्याला कोणता शब्द, हे सरांनी भिंतीवर लावून ठेवलं होतं. ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत जोराचा वारा, पन्नासपर्यंत सोसाट्याचा, साठपर्यंत वादळी, त्यापुढे झंझावाती. आज आकडा सत्तरच्या वर होता. ती आल्यापासून पहिल्यांदाच.

“सर, गावात हा शब्द कुणी बोलत नाही.”

“मग वादळी लिहू? एप्रिलपासून नऊ वेळा लिहिलंय आपण वादळी. कोण बघतं त्याच्याकडे? ठरलेला शब्द बदलायचा नाही, तेजस्विनी. उद्या कोणी जाब विचारला तर मला कागद दाखवता आला पाहिजे.”

साडेबाराला मेसेज गेला. तेजस्विनीचं मात्र कशातच लक्ष लागेना. आज हरसूलचा बाजार होता. तिची आई बयाबाई तिथे पत्र्याच्या शेडखाली सुकट विकायला बसायची. तिने फोन लावला.

“आई, मेसेज आला का?”

“वाजला मघाशी. लताबाईनं वाचला. झंझावाती हाय म्हणं. कुणा पुढाऱ्याचा दौरा असंल, असं म्हणत होती.”

“आई, वारा येतोय. मोठा. ऊठ तिथून.”

“वारा तर रोजचाच हाय. भर बाजारातून मी एकटीच उठू का? ठेव, गिऱ्हाईक आलंय.”

फोन बंद झाला. तेजस्विनी खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. बाहेर पानही हलत नव्हतं. संगणकाच्या पडद्यावरचा वादळाचा लाल डाग मात्र दर दहा मिनिटांनी डोंगराकडे सरकत होता. तिच्या मोबाईलवर एकतीसही गावांचे ग्रुप होते. सगळीकडे पाठवलं तर कोणीतरी सरांना कळवणार, हे तिला ठाऊक होतं. मग नोकरी राहणार नाही. एकाच गावाला पाठवलं तर कोणाला कळतंय?

तिने हरसूलचा ग्रुप उघडला आणि एका दमात लिहिलं, ‘हरसूलकरांनो, आपल्या गावात पत्रे उडतील असा वारा येतोय. दोनच्या आत बाजार उठवा. शेडखाली, झाडाखाली थांबू नका. शाळेच्या पक्क्या इमारतीत जा.’

पाठवून झाल्यावर तिने मोबाईल उलटा ठेवला. सर पलीकडे चहा घेत होते. दोन वाजले, अडीच वाजले. आईचा फोन लागत नव्हता. तीनला खिडकीच्या काचा थरथरल्या, गल्लीत धुरळा उठला आणि कुठलंसं दार आपटलं.

साडेतीनला आईचाच फोन आला.

“सगळा बाजार शाळेत भरलाय बघ! पोरासोरांसकट.”

“आणि वारा?”

“आला न् बाजूनं गेला. दोन छत्र्या मोडल्या, बस. पण काय गं, असं सरळ लिहिता येतं तर रोज का नाय लिहीत? वाचलं न् उठलोच की आम्ही.”

तेजस्विनी हसली. हसता हसता तिला रडू आलं. आता सरांना सांगूनच टाकावं, होईल ते होईल, असं तिच्या मनात आलं. ती खुर्चीतून उठतेय तोच कार्यालयाचा फोन वाजला.

पलीकडे धापा टाकणारा माणूस होता. त्याच्यामागे बायांचा कालवा ऐकू येत होता.

“मॅडम, मी पुंजा. खैरपाड्याचा. मेसेजखाली हाच नंबर होता. पोरीचं लग्न होतं. मांडव पडलाय. पत्रे लागलेत माणसांना. माझी बायको खांबाखाली अडकली. गाडी पाठवा.”

खैरपाडा हरसूलपासून सहा किलोमीटरवर, टेकडीच्या पलीकडे. यादीतल्या एकतीस गावांपैकीच एक. तिने ओरडून सरांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका मागवली. तिने पुंजाला सोडलं नाही.

“त्या बोलतायत का?”

“बोलती हाय. पाय दबलाय.”

“ओढू नका त्यांना. चार जण मिळून आधी खांब उचला. गाडी निघालीय.”

फोन खाली टेकवल्याचा आवाज आला. मग हाका, धावपळ, एक मोठी किंकाळी. तेजस्विनी रिसीव्हर कानाला दाबून उभीच राहिली. बऱ्याच वेळाने पुंजा पुन्हा बोलला.

“काढली, मॅडम. शुद्धीवर हाय.”

तिचा श्वास सुटला. आणि जे विचारायला नको होतं तेच तिच्या तोंडून गेलं.

“पुंजाभाऊ, मेसेज मिळाला नव्हता का?”

“मिळाला. पयला तर कळलाच नाय. मग माझ्या साडूच्या मोबाईलवर दुसरा आला. तो हरसूलचा हाय. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. पत्रे उडतील, पक्क्या इमारतीत जा. माणसं ताटावरून उठाया लागली होती.”

मागचं रडणं आता स्पष्ट ऐकू येत होतं.

“मीच हात जोडून बसवलं सगळ्यांना. म्हटलं, बसा, जेवा निवांत. ह्यात नाव हरसूलचं हाय.”