कंप्युटरची माती

खोपोलीच्या ट्रेनिंग सेंटरात सिम्युलेटरवर श्रीपतकाकांची शेवटची टेस्ट चालू होती आणि त्यांना शिकवणाऱ्या दीप्तीचा जीव नुसता वरखाली होत होता. वीस वर्षं पोकलेन चालवलेला माणूस, आज नापास झाला तर कामावरून घरी बसणार. तरी स्क्रीनवर मातीची प्रत्येक बकेट उचलली की काका थांबत आणि मान पुढं काढून तिच्यात डोकावत. वेळ तर भराभर सरत होता.

"काका, ओता ना! कंप्युटरची माती ती, त्यात काय असणार?"

एसीतही काकांना घाम फुटला होता.

"दरड कोसळली तवा सायेब पन असंच बोल्ले, मॅडम. नुसती माती हाय, ओत. मी ओतली, आन् डंपरात कोनीतरी कन्हलं."