पुंजाजीचा फोन

फोन वाजला तेव्हा पुंजाजी किशनरावांच्या ओसरीखाली, पहिल्या पायरीपासून हातभर अंतर राखून उभा होता. सकाळीच आला होता. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नीट बांधलेला रुमाल. दाराबाहेर त्याची गाडी सोडलेली, गाडीत यंदाच्या तुरीची पोती. फोनवर भाव कळला की बैल जुंपायचे आणि तसाच हिंगोलीच्या मोंढ्याचा रस्ता धरायचा, असा त्याचा बेत होता.

आजवर भाव कार्डावर यायचा. मोंढ्यात शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या आडत दुकानाचं छापील कार्ड, भाव तेवढा शाईनं भरलेला, आणि पत्त्याच्या बाजूला 'श्रीयुत पुंजाजी'. पोस्टमन भर रस्त्यात नाव पुकारून ते त्याच्या हातात द्यायचा. जे कार्ड किशनरावांना, तेच पुंजाजीला. अक्षरही तेच, भावही तोच. पुंजाजी ते स्वतः वाचायचा आणि सुतळीत ओवून घरातल्या तसबिरींखाली टांगून ठेवायचा. कनेरगाव नाका या त्याच्या गावात त्याला श्रीयुत म्हणणारं तेवढं ते एक कार्डच होतं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या संक्रांतीला किशनरावांकडे फोन आला आणि त्याच सुगीत दुकानानं कार्डं बंद केली. आता छापत कोण बसतं, जवळच्या फोनचा नंबर देऊन जा, नाव घेऊन बोलावू, असं दुकानातल्या मुनीमानं सांगितलं. किशनराव तर पारावर बसून म्हणालेच होते की फोन काय एकट्याचा असतो, गावाचाच समजा. पुंजाजीनं ते खरं धरलं. नंबर त्यानं आपल्या हातानं लिहून दिला, आणि घरी येऊन बायकोला, सोजराबाईला, ऐटीत सांगितलंही. पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा.

फोन आतल्या कोनाड्यात वाजत होता. पुंजाजीनं वहाणा काढल्या आणि एक पाय पायरीवर ठेवला. किशनरावांची बायको धुरपताबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. ती उठली आणि कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आत घेऊन गेली. पुंजाजीनं पाय खाली घेतला.

किशनरावांनी फोन उचलला.

"व्हय, मीच बोलून राहिलो. कोण, पुंजाजी? हाय ना, हितंच उभा हाय."

त्यांनी बाहेर पाहिलं. पुंजाजीचा हात नकळत पुढं झाला होता. काल घरी त्यानं पळी कानाला लावून बोलायचा सराव केला होता, आणि सोजराबाई पोट धरधरून हसली होती.

"वायर पुरत न्हाई रे तिथवर," किशनराव त्याला म्हणाले. मग फोनमध्ये बोलले, "माझ्यापाशी सांगा. एकच हाय."

पुढं नुसतं हं, बरं, बराबर. पुंजाजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मुनीमाचा आवाज डास गुणगुणावा तसा बाहेर येत होता. त्यात एकदा आपलं नाव आल्यासारखं त्याला वाटलं. नावापुढं 'राव' लावल्यासारखंही वाटलं. मग किशनरावांनी फोन ठेवून दिला.

मोंढा गच्च भरलाय, त्यांनी सांगितलं. भाव पार पडलाय आणि आठ दिवस माल आणूच नका असं म्हणतायत. आता इथवर आणलीच आहेस तर तूर इथंच मापून दे, पडलेल्या भावानं का होईना मी ठेवून घेतो, गाडी परत न्यायची तकलीफ तरी वाचेल. ते आवाज चढवून बोलले नाहीत. उलट मायेनंच बोलले.

पुंजाजीला त्यातला एक शब्द खरा वाटला नाही. कार्ड असतं तर त्यानं चारदा वाचलं असतं, उजेडात धरून बघितलं असतं. दुसऱ्यानं ऐकलेलं कुठल्या उजेडात धरायचं? आणि खोटं बोलता म्हणायचं तर ते किशनरावांच्याच दारात उभं राहून म्हणायचं होतं; न बोलता गाडी मोंढ्याकडे हाकली तरी अर्थ तोच झाला असता. पुंजाजीच्या वावरात जायची वाट त्यांच्या शेतातून होती.

"पाटील, त्यायनं माझ्याशी बोलायचं म्हणलं व्हतं," एवढंच तो म्हणाला.

"मंग? तुझंच तर बोलले की."

पुंजाजी गाडीकडे गेला आणि पोती उतरवू लागला. अंगणातल्या निंबाला काटा टांगलेला होता. किशनराव निंबाखालच्या बाजेवर येऊन बसले. पुंजाजीनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. वर्षभर राबून पिकवलेल्या तुरीचा मोंढ्यातला खरा भाव त्याला आज कळणार नव्हता.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वाशीमहून किशनरावांच्या जावयाचा होता. धुरपताबाई फोन दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. तिच्या मागून वायर येत राहिली. ओसरीवरून, पायऱ्यांवरून, पुंजाजी सकाळपासून उभा होता त्या जागेवरून, थेट निंबाखालच्या बाजेपर्यंत. तरी उरलीच. उरलेली वेटोळी मातीत पडली.

पुंजाजी पाठीवरच्या पोत्यासकट थांबला. वायर त्याच्या पायाशी आडवी पडली होती.

जावयाशी बोलता बोलता किशनरावांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"वलांडून ये रे पुंजाजी," ते म्हणाले. "पाय नको लावू तिला."